पत्रा कापणं सोपं झालं

कोल्हापूरच्या शिरोलीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वडिलांनी ग्रिल आणि रोलिंग शटरपासून सुरुवात केली. पुढं उसाच्या ट्रॉल्या आल्या, गुऱ्हाळाच्या काहिली आल्या, आणि आता निम्म्याहून जास्त काम आसपासच्या फौंड्र्यांचं असतं: मशीनचे गार्ड, वाळूचे हॉपर, धूर ओढायचे डक्ट, कंट्रोल पॅनेलचे डबे. या सगळ्याला पत्रा लागतो. तो कापायला आमच्याकडं होतं काय, तर एक जुनं शेअरिंग, म्हणजे पत्रा सरळ कापायची मोठी कात्री, रुळावर चालणारं गॅसचं पग कटिंग आणि हातातला गॅस कटर. भोकाला ड्रिल. गोल, खाच, जाळी असं काही निघालं की ड्रॉइंग लेझर कटिंगवाल्याकडं जॉबवर्कला बाहेर जायचं.

जॉबवर्कचा हिशोब कागदावर बरा दिसतो. कापलेल्या मीटरला एक दर, वर प्रत्येक पिअर्सिंगचे, म्हणजे कट सुरू करायला पाडलेल्या भोकाचे, वेगळे. पण पत्रा तिकडं न्या, रांगेत थांबा, परत आणा, आणि एखादा पार्ट कमी निघाला की पुन्हा टेम्पो काढा. शिवाय उरलेला पत्रा कुणाचा, यावर दरवेळी हुज्जत. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्ता बंद झाला, तेव्हा आमचे कापलेले पार्ट नदीच्या पलीकडं गोकुळ शिरगावात आणि वेल्डर अलीकडं मोकळे बसलेले. लेझरनं पत्रा कापायचं मशीन आपल्याच शेडमध्ये पाहिजे हे त्या वेळी पक्कं झालं. पैशाची जुळणी व्हायला पुढं बराच काळ गेला.

बाजारात फिरायला लागलं की पहिला प्रश्न किलोवॅटचा, म्हणजे लेझरच्या ताकदीचा येतो. विकणारे सहा आणि बारा किलोवॅटच्या खाली बोलायलाच तयार नसतात. आपण थोडा अभ्यास करून गेलं की चित्र जरा बदलतं. माइल्ड स्टील ऑक्सिजनवर कापताना लेझर लोखंड तापवून पेटवतं, पण पुढचं बरंचसं काम लोखंड ऑक्सिजनमध्ये जळताना निघणारी उष्णताच करते. त्यामुळं 3 मिमीच्या पत्र्याला ऑक्सिजनवर तीन किलोवॅट काय नि सहा काय, वेगात फारसा फरक पडत नाही. जास्त ताकदीची मजा नायट्रोजनवर किंवा नुसत्या दाबाच्या हवेवर कापताना येते, आणि जाड प्लेटमध्ये. आमचं रोजचं काम 2 ते 10 मिमीच्या आतलं. तीन किलोवॅटवर 10 मिमीची प्लेट मिनिटाला साधारण एक मीटर जाते, 3 मिमीचा पत्रा साडेतीन-चार मीटर. पग कटिंगवर ज्यांनी उभं राहून घाम गाळलाय त्यांना हे आकडे वाचून काय वाटतं ते मला माहीत आहे. आम्ही तीन किलोवॅटचंच घेतलं. वाचलेले पैसे प्रेस ब्रेकमध्ये, म्हणजे पत्रा वाकवायच्या यंत्रात घातले, आणि हा निर्णय मला आजही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

प्रेस ब्रेकचं गणित लेझरपेक्षा सरळ आहे, तरी लोक तिथंच अंदाजानं घेतात. व्ही-डायचं, म्हणजे ज्या खाचेत दाबून पत्रा वाकवतात तिचं, तोंड पत्र्याच्या जाडीच्या आठपट धरायचं. लागणारे टन काढायला जाडीचा वर्ग, गुणिले मीटरमधली लांबी, गुणिले 65, भागिले व्हीचं माप मिमीमध्ये. 3 मिमीचा पत्रा 3 मीटर लांबीत 24 च्या व्हीवर वाकवायचा तर सुमारे 73 टन. तोच 6 मिमीचा झाला, व्ही 50 चा लावला, तरी 140 च्या घरात जातो. म्हणजे शंभर टनी प्रेसवर 6 मिमी वाकतो, पण पूर्ण लांबीत नाही. आमच्याकडं 6 मिमीचे लांब वाक वर्षातून क्वचित येतात. ते आजही बाहेर जातात आणि त्याचं मला काही वाटत नाही.

बँकेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद, कोटेशन, पुढच्या वर्षांचे अंदाजपत्रक, सगळं दिलं. कर्ज सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या हमीवर होतं. हमी असताना वेगळं तारण नको, असाच त्या योजनेचा अर्थ, तरी घराचा उतारा मागितला गेलाच. वाद घालून, पत्र लिहून तो सुटला. यंत्रावरचा 18 टक्के जीएसटी मात्र कुणी विसरू नका. पुढं त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी भरायला रोकड आपली लागते.

मशीन यायच्या आधीचं काम जास्त किचकट निघालं. तीन किलोवॅट हे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं माप. लेझर तयार करणाऱ्या सोर्सची कार्यक्षमता 30 टक्क्यांच्या आसपास धरली तर त्या एकट्यालाच दहा किलोवॅट वीज लागते. मग सोर्स थंड ठेवणारा चिलर, सर्वो मोटारी, धूर ओढणारा ब्लोअर, आणि सगळ्यात खादाड म्हणजे दाबाची हवा देणारा स्क्रू कॉम्प्रेसर. महावितरणकडं वाढीव लोडचा अर्ज, नवीन केबल, स्टॅबिलायझर, वेगळं अर्थिंग. अर्थिंगवर पैसे घालताना जीवावर येतं, कारण ते जमिनीत जातं आणि दिसत नाही. पण लेझरचं डोकं पत्र्यापासूनचं अंतर विद्युत धारितेवर मोजतं, अर्ध्या-एक मिलिमीटरचं. अर्थिंग खराब असेल तर ते अंतर थरथरतं आणि कट करवती निघतो. फाउंडेशनही त्याच वेळी भरून घेतलं, आणि पुराची आठवण ताजी होती म्हणून शेडची तेवढी बाजू चांगली उंच उचलली.

मशीन ट्रेलरवरून आलं, हायड्रानं उतरवलं, पाइपांवरून सरकवत आत घेतलं. गर्दी झाली. गावात नवा जेसीबी आला तरी गर्दी होते, हे तर लेझर. आईनं पूजेचं ताट आणलं. हळदकुंकू, उदबत्ती, कापूर, नारळ. बसवायला आलेला इंजिनिअर ताटाकडं बघून हातवारे करायला लागला, कारण डोक्यातल्या काचेवर धुराचा एक कण बसला तरी किरण तिथंच अडतो, काच तापते आणि तडकते. शेवटी तोडगा निघाला: हळदकुंकू बेडच्या पायाला, कापूर दाराबाहेर, नारळ उंबऱ्यावर. खंडेनवमीला अजूनही हीच पद्धत आहे. ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, टूलबॉक्स यांची पूजा नेहमीसारखी होते, लेझरला फूल मात्र लांबूनच.

आता माणसांकडं येतो, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आमच्याकडं एक मेस्त्री आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. वडिलांच्या बरोबरीचे. आयुष्य गॅस कटर आणि वेल्डिंगच्या होल्डरवर गेलं. मशीन आल्यावर पहिले काही दिवस ते तिकडं फिरकलेच नाहीत. पोरं मात्र सतत मशीनभोवती. इंजिनिअरनं प्रत्येक जाडीसाठी वेग, फोकस, गॅसचा दाब, नोझलचं माप अशी यादी भरून दिली, दोन पोरांना शिकवलं आणि तो गेला. पुढच्याच आठवड्यात वेगळ्या मिलची प्लेट आली आणि खालून मळी, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा कीट, चिकटून यायला लागली. यादीप्रमाणं सगळं बरोबर, तरी पार्ट हातोडीनं काढावे लागत होते. पोरं स्क्रीनकडं बघत बसलेली.

तात्या काचेपाशी येऊन उभे राहिले. जरा वेळ बघितलं. म्हणाले, "ठिणग्या बघ की. मागं लवायल्यात. पळवायलास तू त्येला." वेग कमी केला, ठिणग्या सरळ खाली पडायला लागल्या, मळी गेली. प्लेट जाड असो वा पातळ, ठिणगी मागं झुकली तर वेग जास्त, आणि ती पसरायचं सोडून एका जागी गोळा होऊन पडायला लागली तर वेग कमी. हे त्यांना गॅसवर तीस-चाळीस वर्षं कापून ठाऊक होतं. "गॅसचंच हाय की रं हे," ते म्हणाले, "जाळ तेवढा दिसत न्हाई." तेव्हापासून नवी प्लेट लागली की पोरं आधी तात्यांना हाक मारतात. त्यांना कॉम्प्युटर चालवता येत नाही आणि शिकायचीही इच्छा नाही. पगार मात्र त्या महिन्यापासून वाढवला, आणि पोरांपैकी कुणी त्यावर कुरकुर केली नाही.

काहिलीचा किस्सा सांगायलाच हवा. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळं काही वाढली नाहीत. जी आहेत त्यातली बरीच आता स्टेनलेस स्टीलची काहील मागतात. काहील म्हणजे सपाट तळ आणि बाहेर झुकलेली भिंत. ती भिंत म्हणजे शंकूचा कापलेला तुकडा, आणि तो सपाट पत्र्यावर उलगडून मांडायचा तर कमानीसारखी पट्टी होते. वरचा व्यास 2500, तळाचा 2100, तिरकी उंची 450 अशी एक काहील होती. संगणकावर उलगडलं तर बाहेरच्या कमानीची त्रिज्या 2812.5 मिमी आणि कोन 160 अंश. एवढी मोठी पट्टी एका पत्र्यात बसत नाही, म्हणून ती समान पाकळ्यांमध्ये तोडली.

तात्यांनी तोवर शेडच्या फरशीवर खडू, दोरी आणि खिळा घेऊन आपली मांडणी सुरू केली होती, जशी ते नेहमी करत. एकीकडं काटकोनात रेषा, वर-खालचे निम्मे व्यास, तिरकी रेषा वाढवून मधल्या रेषेला जिथं मिळते तिथं खिळा. दोरी मोजली तर नऊ फूट पावणेतीन इंच. म्हणजे 2813, जवळपास तेच. मी दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवले. त्या काहिलीच्या पाकळ्या लेझरवर कापल्या आणि जोडताना कुठंही ग्राइंडर लावावा लागला नाही. नायट्रोजनवर कापलेली स्टेनलेसची कड पांढरी, स्वच्छ निघते, तीवर टिग वेल्डिंग थेट करता येतं. पूर्वी तळ आणि भिंत जुळवण्यात तात्यांचा आणि एका हेल्परचा सबंध दिवस जायचा. आता पाकळ्या टॅक होऊन दुपारच्या चहाआधी तात्या मोकळे. मोकळे होऊन काय करायचं, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडलेला मी पाहिला, आणि त्याच संध्याकाळी त्यांना म्हटलं, आता तुम्ही फक्त जोडणीचं बघायचं, कापाकापीत हात घालायचा नाही.

मशीनमुळं शेजारीपाजारी आमच्याशी पहिल्यांदा नीट बोलायला आले ते कौतुकानं नव्हे, तक्रार घेऊन. शेडच्या मागच्या अंगाला घरं आहेत. काम वाढलं, रात्री उशिरापर्यंत मशीन चालायला लागलं, आणि स्क्रू कॉम्प्रेसरची घरघर थेट त्यांच्या माजघरात. एक मावशी येऊन म्हणाल्या, "बाळा, तुझं मशीन झोपत नाही का रं?" निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि औद्योगिक भागात 70. आमची शेड नेमकी सीमेवर, त्यामुळं कायद्यावर बोट ठेवून दोन्ही बाजूंना भांडता आलं असतं. मोबाइलवरच्या ॲपनं त्यांच्या खिडकीत मोजलं. आकडा काही भूषणावह नव्हता. कॉम्प्रेसर रस्त्याच्या बाजूला हलवला, भोवती विटांची खोली बांधली, आतून रॉकवूल लावलं, हवा खेळायला मोठा डक्ट काढला. तो डक्ट आमच्याच मशीनवर कापला. आणि रात्री दहानंतर हवेवरचं कटिंग बंद, त्या वेळेत लागलंच तर सिलिंडरच्या ऑक्सिजनवरचं काम. शेजारधर्म म्हणून लोक जे काही करतात त्यात मला हे सगळ्यात महागात पडलं, आणि याचा फोटो कुणी काढला नाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्च करायचा, कायदा आमच्यासारख्यांना लागू नाही. पाच कोटी नफा, हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटी नक्त मालमत्ता यातलं काही असेल त्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे. आमच्याकडं जे मागायला येतात ते वेगळे: तालीम मंडळाची कमान, शाळेचं फाटक, मंदिराचं रेलिंग. वडील कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत. मी म्हणतो, पण आधी विचारतो, की यातलं आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही असं काय आहे?

याचं एक उत्तर भंगाराच्या ढिगात सापडलं. लेझरवर पार्ट निघून गेल्यावर उरते ती पत्र्याची जाळी. हॉपरच्या तोंडातून निघालेले गोल, कडेच्या पट्ट्या, कोपरे. भंगारवाला किलोनं नेतो. जवळच्या आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडची मुलं एका वर्षाच्या कोर्समध्ये शिकतात, आणि तिथं कायमची अडचण म्हणजे सरावाला प्लेटच पुरत नाही. एकाच तुकड्यावर दोन्हीकडून वेल्डिंगचे मणी ओढून ओढून तो तुकडा विटेसारखा होतो. तिथले सर म्हणाले, तुमच्याकडचं भंगार द्या. पण वेड्यावाकड्या तुकड्यावर फिलेट जॉइंटचा, म्हणजे काटकोनात उभ्या केलेल्या दोन प्लेट जोडायचा, सराव होत नाही, कड सरळ लागते.

मग नेस्टिंग करताना, म्हणजे पत्र्यावर पार्ट मांडताना, रिकाम्या जागेत 150 बाय 50 च्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली, 6 आणि 10 मिमीच्या. 6 मिमीची एक पट्टी साडेतीनशे ग्रॅमची. प्रत्येक पट्टीमागं थोडा ऑक्सिजन आणि अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर वेळ जातो, भंगाराचे पैसे बुडतात ते वेगळे. पण मोठ्या ऑर्डरच्या कडेला त्या निघून जातात. सीएनं आठवण करून दिली की फुकट दिलेल्या मालावरचं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. चलन करतो, क्रेडिट परत करतो, देतो. पट्ट्या मुद्दाम ऑक्सिजनवर कापलेल्याच जातात. त्यांच्या कडेला काळपट ऑक्साइडचा थर असतो. तो घासल्याशिवाय वेल्डिंग केलं तर मण्यात छिद्रं पडतात, आणि रंग दिला तर काही महिन्यांत कडेवरून सोलून निघतो. बाहेर कामाला लागल्यावर मुलांच्या हातात अशाच कडा येणार आहेत, तेव्हा घासायची सवय तिथंच लागलेली बरी. सरांना हे फार पटलं. मुलांना अर्थातच नाही.

दुसरं काम नदीकाठच्या शेजारच्या गावाचं. पावसाळ्यात इकडच्या प्रत्येक मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फिरत असते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पण बंधाऱ्यावर पाणी किती, यावरून आपल्या गावच्या वेशीत किती हे जाणत्या माणसांच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. अमुक फुटाला फलाण्याच्या गोठ्यात, तमुक फुटाला मराठी शाळेच्या पायरीला. ग्रामपंचायतीला वेशीजवळ एक पूरपट्टी उभी करायची होती, रात्री बॅटरीच्या उजेडात लांबून वाचता येईल अशी. रंगवलेली पट्टी त्यांनी पूर्वी लावली होती. दुसऱ्या पावसाळ्यात आकडे गेले.

लेझरला हे काम म्हणजे किरकोळ, असं आम्हाला वाटलं होतं. देवनागरीनं घाम फोडला. पत्र्यात अक्षर आरपार कापायचं तर त्याचं बंद पोट गळून पडतं. शून्य तर सबंधच खाली. 'पातळी' या एका शब्दात प आणि ळ. त्यावर उपाय म्हणजे अक्षराला मध्ये बारीक पूल ठेवायचे, रंगाच्या स्टेन्सिलला ठेवतात तसे. पण शिरोरेषा कापली की सगळा शब्द एका आडव्या फटीला लटकतो आणि पत्रा तिथंच लवतो. त्यात फॉन्टची भानगड. संगणकावर देवनागरी अक्षरं एकमेकांना चिकटतात तेव्हा शिरोरेषेचे तुकडे एकावर एक चढलेले असतात. पडद्यावर काळं दिसतं म्हणून कळत नाही, पण रेषांमध्ये बदललं की प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी, आणि मशीन त्या सगळ्या कापायला जातं. आधी सगळे आकार एकत्र विरघळवून एकच बाह्यरेषा करावी लागते. आमच्या ऑफिसात ड्रॉइंग करणारी मुलगी डिप्लोमा झालेली, गावातलीच. तिनं ते सगळं बसून केलं. आता तिच्याकडं देवनागरी आकड्यांचा आणि नेहमीच्या शब्दांचा स्वतःचा संच आहे, आणि तालीम मंडळांच्या कमानी, दुकानांच्या पाट्या असलं काम त्या जोरावर येतं. कोल्हापुरात पाटी रोमनमध्ये लागली तर चालत नाही, हे कुठल्याच मशीनवाल्याच्या माहितीपत्रकात नव्हतं.

पूरपट्टीला शेवटी आरपार कापणं सोडलंच. पुराच्या पाण्यात पालापाचोळा, प्लास्टिक, ऊस, काय वाटेल ते येतं; ते त्या फटींत अडकणार. 2 मिमी स्टेनलेसमधून आकडे सुटे कापले आणि पट्टीवर उठावात टिगनं टाचले, खाली रेडियमच्या आडव्या रेघा. खांबाला सी चॅनेल. पत्र्याचे पैसे ग्रामपंचायतीचे, कापणं-जोडणं आमचं, खड्डा आणि काँक्रीट तिथल्या तालमीतल्या पोरांचं.

आता शून्य कुठं धरायचं यावर ग्रामसभेत चांगलंच रण माजलं. बहुतेकांचं म्हणणं, राजाराम बंधाऱ्याचेच आकडे लावा, लोकांना तेच पाठ आहेत. सर्वेअर म्हणाला, नदीला उतार असतो, बंधाऱ्यावर 43 म्हणजे इथं 43 नव्हे, आणि फरक पुराच्या जोराप्रमाणं बदलतो. एक आजोबा उठून म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्सं काय बघत होतो?" मधला मार्ग असा निघाला: पट्टीला स्वतःचे साधे फूट, आणि एक पावसाळाभर दोन्हीकडचं पाणी रोज वहीत लिहायचं. वही शाळेतल्या मुलांनी लिहिली. त्यावरून लाल आणि पिवळी रेघ नंतर रंगानं मारली, म्हणजे चुकली तर बदलता येईल. 2019 आणि 2021 च्या खुणा मात्र लोकांनी भिंतींवरून दाखवल्या आणि त्या आम्ही पोलादात टाचल्या. त्यावर वाद झाला नाही. त्या खुणा सगळ्यांना ठाऊक होत्या.

त्या शाळेची मुलं नंतर मशीन बघायला आली. इथं मी कडक असतो. फायबर लेझरचा किरण डोळ्याला दिसतच नाही. जुन्या सीओटू लेझरची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, ती डोळ्याच्या बाहेरच्या पडद्यावरच अडते. याची 1.07 च्या आसपास, ती आत थेट रेटिनापर्यंत जाते. पत्र्यावरून परावर्तित झालेला किरणही पुरेसा असतो. वेल्डिंगच्या काळ्या काचेवर भिस्त ठेवून उघड्या मशीनसमोर उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. आम्ही बंद कॅबिनचं मशीन घेतलं ते त्यासाठी. त्याच्या खिडकीची काच त्या तरंगलांबीसाठीच बनवलेली असते. मुलं खिडकीतूनच बघतात, दार उघडलं की मशीन थांबतं, आणि ते थांबतं हे मी त्यांना आधी करून दाखवतो. प्रत्येकाला नावाचा बिल्ला कापून हवा होता. एकेकाचं नाव टाकत बसलो असतो तर फौंड्रीवाले दारात येऊन उभे राहिले असते, म्हणून शाळेच्या नावाचे सगळ्यांना एकसारखे दिले. थोडी नाराजी झाली.

आता धंद्याचं. मशीनचा हप्ता निघतो. जॉबवर्क बाहेर पाठवणारे आम्ही आता इतरांचं घेतो, आणि उरलेला पत्रा कुणाचा हा वाद आता उलट्या बाजूनं ऐकतो. पण कापणं इतकं पुढं गेलं की बाकी सगळं मागं पडलं. सकाळी कापलेले पार्ट संध्याकाळी प्रेससमोर थप्पी लावून असतात. लेझर चालवायला पोरं हसत येतात, वाकवायला येत नाहीत. प्रेसवर प्रत्येक वाकाला डोकं लागतं: कुठला वाक आधी, पत्रा किती उलटून येईल, आधी वाकवलेली बाजू पंचला आडवी तर येणार नाही ना. ड्रॉइंग बनवतानाच वाकासाठी किती लांबी कापायची ते ठरतं, आणि पत्र्याची जाडी कागदावर 3 पण हातात 2.8 निघाली की तो हिशोब सरकतो. हे महिन्याभरात येत नाही. दुसरी शिफ्ट लावावी इतकं काम आहे, पण प्रेसवर उभा करावा असा एकच माणूस आहे आणि तोही लग्नाच्या सुट्टीवर जाऊन आला की दमलेला.

म्हणून शिकाऊ उमेदवार घ्यायचं ठरवलं. तीसपेक्षा कमी माणसं असलेल्यांना हे सक्तीचं नाही, पण चारपासून पुढं असतील तर घेता येतात, आणि विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला दीड हजारापर्यंत, सरकार देतं. पोर्टलवर नोंदणी केली, करार तयार आहेत. आयटीआयच्या सरांनी शीट मेटलच्या बॅचमधली दोन मुलं सुचवली. त्यातला एक नेहमी पट्ट्या न्यायला टेम्पोबरोबर येणारा. परवा तो आला तेव्हा तात्यांनीच विचारलं, "काय रं, प्रेसवर येतोस का?"

तो म्हणाला, "लेझरवर घेत असाल तर येतो."

तात्या म्हणाले, आधी एक वर्ष प्रेस, मग बघू. पोरगा पट्ट्या भरून गेला. अजून त्याचा फोन आलेला नाही.